पुढच्या फाटकातून

ल्वार नदीकाठच्या ब्रेशिन्ये महालात युगेत पेल्तिये जन्मभर जात होती, पण महाल म्हणून तो तिनं कधी पाहिलाच नाही. भाजीच्या मळ्यामागच्या लहान फाटकातून एप्रनवरच शिरायचं, तिथं माळी असलेल्या नवऱ्याला, फेर्नांला, जेवण द्यायचं आणि परत फिरायचं. मोठ्या फाटकातून तिकीटवाले येत. त्यांच्याबद्दल फेर्नां घरी कधी बरं बोलला नाही. गवत तुडवणारी जमात, म्हणायचा. रिटायर झालो की तुला पुढच्या फाटकातून राणीसारखी नेईन, असंही म्हणायचा. रिटायर झाला आणि त्याची स्मरणशक्तीच विरायला लागली.

आधी चाव्या हरवल्या, मग ओळखीचे रस्ते, मग मुलीचं नाव. यंदाच्या उन्हाळ्यात युगेतही हरवली. सकाळी कॉफी दिली की तो शेजारणीचे मानावेत तसे आभार मानायचा. मुलीनं, सिल्वीनं, तूर शहरातल्या वृद्धाश्रमात जागा मिळवली. युगेत हटून बसली. एकदा बागेत नेऊ, तिथं त्यानं मला ओळखलं तर तो घरी राहील. नाही ओळखलं तर मी तोंड उघडणार नाही, असं तिनं कबूल केलं. सिल्वीला पटलं नव्हतं, पण या बाईपुढे कुणाचं चाललंय?

ऑक्टोबरातल्या रविवारी युगेतनं लग्नकार्याचा निळा कोट घातला, टोपी चढवली, ओठ रंगवले. राणीसारखं जायचं होतं ना! तिघांनी मोठ्या फाटकावर तिकिटं काढली.

आत पाऊल टाकताच फेर्नांची पाठ ताठ झाली. नदीवरून धुकं चढत होतं. कापून चौकोनी केलेल्या झुडपांवरून त्यानं तळहात फिरवला, सुकलेले गुलाब खुडून खिशात घातले. सिल्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. युगेतला तर राहवेना. खडीची वाट सोडून ती गवतावरून सरळ त्याच्याकडे गेली आणि तिनं त्याचा दंड धरला.

त्यानं तो हळूच सोडवून घेतला. "मादाम, गवतावर नका येऊ. खडीवरून चला."

"फेर्नां, मी आहे रे. युगेत."

"युगेत माझी बायको," तो खुलून म्हणाला. "ती या बाजूनं कधी येत नाही. मागून येते, एप्रनवर."

बाग बंद व्हायची घंटा झाली, तसा तो जुन्या सवयीनं लोकांना बाहेर काढू लागला. तिलाही त्यानं अदबीनं फाटकापर्यंत पोचवलं. सिल्वीनं गाडी आणली. युगेत मागं बसली आणि तिनं त्याच्यासाठी जागा केली, पण तो दारातच थबकला.

"माफ करा मादाम, परक्या बाईशेजारी कसा बसू? घरी बायको सूप घेऊन थांबलीय. उशीर झाला की तोंड फुगवून बसते."

युगेतनं टोपी काढली, रुमालानं ओठ खसाखसा पुसले, वर पाहिलं. परकी बाई रडतेय म्हणून त्यानं नजर दुसरीकडे वळवली.

ती गाडीतून उतरली. "तू ने त्याला," ती सिल्वीला म्हणाली. "बायकोकडे नेतेय म्हण, लगेच बसेल. मी बसनं येते. आणि उद्या आश्रमात फोन कर."