सुखदेवच्या हातावरची बाई

सौंसरला अश्विनीनं टॅटूचं दुकान उघडलं आणि इकडे पांढुर्ण्यात अंकुशच्या पोटात दुखायला लागलं. आजारबिजार काही नव्हता. जळत होता गडी, निखालस जळत होता, आणि त्याची बायको अर्चना हे त्याला तोंडावर सांगायची.

तोवर कसं झकास चाललं होतं. पांढुर्ण्यात टॅटू म्हटलं की अंकुश, दुसरं नावच नाही. आधी हा ट्रकांच्या मागे नावं रंगवायचा, मग जत्रेत गोंदायची मशीन घेऊन बसला, मग नागपुरात एका मोठ्या दुकानात राहून काम शिकला आणि परत येऊन स्टेशनाकडच्या रस्त्यावर माडीवरची खोली घेतली. गाव जिल्ह्याचं झालं तशी गिऱ्हाइकंही वाढली. कापसाच्या व्यापाऱ्यांची पोरं यायची, मास्तरणी यायच्या, नवे साहेबलोकही बाही खाली ओढून हळूच यायचे.

आणि काम काय करायचा! उगाच नाही म्हणत मी. मोबाइलमधला फोटो दाखवून ‘हेच काढून द्या’ म्हणणाऱ्याला तो आधी खुर्चीत बसवायचा, चहा पाजायचा. “हे कोनाच्या तरी अंगावरचं होय. तुले कायले पायजे?” असं विचारायचा. मग माणूस बोलायला लागायचा. तिगावच्या रेल्वे फाटकावर ड्युटी करणारा एक जण सिंह मागायला आला होता. बोलता बोलता निघालं की त्याचा बापही फाटकावरच होता, आणि गडी हातावर बापाचा कंदील घेऊन गेला, सिंह राहिला बाजूला. ऐकून झालं की अंकुश साधा बॉलपेन घ्यायचा आणि थेट कातडीवर काढायचा. मग म्हणायचा, मूठ वळ, हात खाली सोड, आता वर कर. सरळ हातावर सरळ दिसलेली रेघ हात वळला की वाकडी होते, आणि माणूस काय जन्मभर हात सरळ धरून बसणार आहे का? पाच-सात वेळा पुसायचा, पुन्हा काढायचा. चित्र हाताबरोबर हलायला लागलं की मगच मशीन हातात घ्यायचा.

असा हा माणूस. आणि सौंसरात उघडलं कोणी दुकान? तर लग्नाच्या नवऱ्या मुलींना मेंदी काढणाऱ्या पोरीनं.

“मेंदीवाली!” अंकुश नाक मुरडायचा. “मेंदी पुसून जाते बाप्पा, हे जन्माचं काम होय.”

पण बोलणं वेगळं आणि आत जळणं वेगळं. रोज जेवण झालं की अर्चनाचा फोन घ्यायचा आणि अश्विनीची चित्रं बघत बसायचा. स्वतःच्या फोनवरून बघितलं तर अश्विनीला कळेल, ही भीती. मोर बघायचा, संत्र्याची फांदी बघायचा, एकेक चित्र बोटांनी मोठं करून खोट शोधायचा. रेघ जाड झालीय का? शाई पसरलीय का? खोट सापडत नव्हती आणि त्यानं त्याच्या अंगाचा आणखी तिळपापड व्हायचा.

“माह्या फोनमधी आता तिचेच फोटू येऊन राहिले,” अर्चना म्हणायची. “बहिणीचं लग्न जुळलं, साक्षगंध झाला, थे नाई दिसत मले, अश्विनीचे मोर दिसते. एवढं पाहता तं जाऊन भेटून या ना एक डाव.”

“मी कायले जाऊ? तिनं यावं.”

आणि मग एका दिवशी सापडली खोट. अश्विनीच्या एकाही कामात माणसाचा चेहरा नव्हता! बाई असली तर पाठमोरी, पोरगं असलं तर आईच्या खांद्यात तोंड खुपसलेलं. अंकुश उड्या मारायचाच बाकी राहिला. चेहरा म्हणजे या धंद्यातली परीक्षा, आणि त्याच्या हाताचा चेहरा नागपूरवाल्यांनीही मानला होता. मग काय, येईल त्याला सांगत सुटला, “तिले चेहरा येत नाई. लिहून घ्या माह्याकडून.” चहावाल्याला सांगितलं, दाढी करणाऱ्याला सांगितलं. एक दिवस हे अख्ख्या सौंसरला दाखवून द्यायचं, एवढं एकच आता त्याच्या डोक्यात होतं.

आणि ती संधी आपल्या पायांनी माडी चढून आली.

सुखदेव रामाकोना गावचा, ट्रकवर ड्रायव्हर. चाळिशीचा, धिप्पाड आणि बोलायला कंजूस. त्यानं बाही वर केली तशी अंकुशनं एका नजरेत ओळखलं, काम अश्विनीचं. कापूस वेचणारी बाई होती. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, जराशी वाकलेली, एक हात बोंडाकडे गेलेला. नुसत्या रेघा होत्या, आत भरायचं बाकी होतं. पण रेघा! सुखदेवनं हात दुमडला तशी ती बाई आणखी खाली वाकली, सरळ केला तशी उठली. हे अंकुशला सुचायला हवं होतं, आणि सुचलं होतं त्या मेंदीवालीला.

“ताई बहिणीच्या बाळंतपणाले नागपूरले गेली,” सुखदेव म्हणाला. “अन् मी परवा संत्र्याची गाडी घेऊन निघून राहिलो, महिनाभर येत नाई. लुगडं न् ओटी भरून द्या, बस.”

“अन् तोंड?”

बाई समोरून होती, पण तोंडाच्या जागी नुसती कोरी कातडी होती.

“थे ताईनं तसंच ठेवलं.”

तसंच ठेवलं! अंकुशला हसू आवरेना. जमलं नाही म्हणून ठेवलं, आणखी काय? एरवी त्यानं चहा मागवला असता. ही कोण, कुठली, कधीची, सगळं विचारलं असतं. पण विचारलं की अश्विनीताई असं म्हणाली नि अश्विनीताई तसं म्हणाली, हे ऐकावं लागणार. तिचं नाव या खोलीत त्याला नको होतं. त्यानं हातमोजे चढवले, नवी सुई लावली आणि मशीन सुरू केली. सुखदेवनं कानात गाणी लावली आणि भिंतीकडे तोंड केलं. एवढा मोठा गडी, पण सुई बघवत नव्हती त्याला.

लुगडं झालं, ओटी झाली. कापूस असा फुलवला की हात लावावासा वाटावा. थांबायचं होतं इथंच. पण त्या कोऱ्या जागेकडे नजर गेली की अंकुशला आपला डाव दिसायचा. हा गडी सौंसरला जाईल, ती बघेल, चारचौघांत बघेल. घे म्हणावं, याला म्हणतात चेहरा! आणि त्यानं सुई तिथं टेकवली. रुंद कपाळ काढलं, उन्हानं बारीक झालेले डोळे काढले, ओठ किंचित उघडे ठेवले, आता काहीतरी बोलेल असे. आयुष्यात इतका सुरेख चेहरा त्याच्या हातून उतरला नव्हता, हे त्याचं त्यालाही कळत होतं. काम संपलं तेव्हा तो घामानं निथळत होता आणि खुशीत होता.

“पाह्य आता,” तो म्हणाला. “चेहरा माह्याकडून. त्याचे पैसे नको देऊ.”

सुखदेवनं मान वळवली. बघितलं. कानातली गाणी काढली आणि हात उजेडाकडे धरून पुन्हा बघितलं. त्याचे डोळे भरून आले. अंकुशला वाटलं, जिंकलो.

“भाऊ,” सुखदेव म्हणाला, “तुमी पाह्यलं होतं तिले?”

“कोनाले?”

“माह्या मायले.” तो चित्रावरून नजर काढत नव्हता. “मी रांगत होतो तवा गेली ती. फोटू नाई एकबी. आत्या फक्त एवढं सांगे का कापूस वेचाले लय चपळ होती. ताईले म्हनलं मी, चेहरा माहीत नाई. तं ताई म्हने, मंग मी नाई काढत. तुह्या मनात जवा जशी येईन तशी पाह्यजो. तुमाले कसा माहीत तिचा चेहरा?”

कुणाचा होता तो चेहरा? कुणाचाच नव्हता. अश्विनीला खिजवायला काढलेला होता.

“माहीत नाई,” अंकुश म्हणाला. “मनानंच काढला.”

सुखदेवनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एक लावून दिली असती तरी अंकुशनं खाल्ली असती. पण त्यानं नुसती बाही खाली ओढली, टेबलावर पैसे ठेवले आणि जिना उतरून गेला. अंकुशनं पैसे घेऊन मागे धाव घेतली, तर तो म्हणाला, “लुगड्याचे होय थे. राहू द्या.”

महिना गेला. मग एक दिवस अर्चनानं फोन पुढे केला. सुखदेवचा हात होता. अश्विनीनं त्या बाईचा पदर पुढे ओढला होता, डोक्यावरून खाली, उन्हात वेचताना बाया ओढून घेतात तसा. पदराच्या गर्द सावलीत अंकुशनं काढलेला चेहरा पार बुडाला होता. बाई आता आधीपेक्षाही चांगली दिसत होती. इतकं सगळं होऊनही अंकुशच्या मनात पहिलं काय आलं असेल? हे मले काहून नाई सुचलं! जित्याची आग, विझते कशाला?

त्याच दुपारी फोन वाजला.

“अंकुशभाऊ, मी अश्विनी बोलून राहिली, सौंसरवरून.”

आता झाडणार ही आपल्याला, अंकुशला वाटलं.

“थो चेहरा झाकला मी,” ती म्हणाली. “झाकाच लागत होता. पन लय जिवावर आलं भाऊ. असे डोळे मले नाई जमत, कितीदा करून पाह्यलं. चेहरे शिकवान का मले? म्हनान तवा येतो पांढुर्ण्याले.”

म्हणजे खरंच येत नव्हते तिला चेहरे! गावभर सांगत फिरला होता ते खरं निघालं होतं, आणि त्याला त्याचा कणभर आनंद झाला नाही. उलट नवीनच जळायला लागलं. इतक्या सहज ही शिकव म्हणाली कशी? आपल्या जिभेवर तर हे मेलो तरी आलं नसतं. आणि त्याच्याही खाली महिनाभर जे टोचत होतं, ते आता बाहेर पडलंच.

“सुखदेवनं तुले मायचं सांगतलं कसं?” त्यानं विचारलं. “माह्यापाशी तं तोंडच उघडलं नाई त्यानं.”

अश्विनी जरा गोंधळली.

“मी विचारलं ना भाऊ,” ती म्हणाली.