कुंदाकाकूंचं हिमोग्लोबिन

कुंदाकाकू नव्या माणसाला आधी आपलं नाव सांगायच्या आणि पाठोपाठ हिमोग्लोबिन. डोंबिवलीत लोक मुलाचं पॅकेज सांगतात. काकूंना मूल नव्हतं. सोसायटीच्या आरोग्य शिबिरात बाकी बायका अकरा-बारावर असताना त्यांचा आकडा सतराच्या वर गेला, तेव्हा नगरसेवकांनी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. भाषणात 'पोलादी नारीशक्ती' आली. व्यासपीठावर चढून काकू धापा टाकत होत्या. आम्हाला वाटलं, गहिवरल्यात.

"मी बीट खाते. तुम्ही पाव खात बसा," असं त्या आम्हाला ऐकवायच्या. त्यांच्या जांभळट ओठांचं श्रेयही बिटालाच जायचं.

पुढे दम वाढला म्हणून शेजारी या नात्याने मी त्यांना कल्याणला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट पाहून अभिनंदन केलं नाही. काकूंचं पोळीभाजी केंद्र होतं. कोंदट खोलीतल्या धुराने फुप्फुसं निकामी होत आली होती. प्राणवायू कमी पडतोय, हे मूत्रपिंडातल्या पेशींना केव्हाच कळलं होतं. त्यांनी हाडांतल्या मज्जेला निरोप धाडला होता: तांबड्या पेशी वाढवा, मिळेल तेवढा प्राणवायू गोळा करा. त्याने रक्त दाट झालं आणि ते ढकलताना हृदय थकलं. आम्ही सत्कार केला तो टंचाईचा.

"म्हणजे पेशींना कळलं, मलाच नाही," काकू म्हणाल्या.

घरी प्राणवायूचं यंत्र आलं. नाकातली नळी काढाल तर हृदय टिकणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आकडा उतरू लागला. डॉक्टर खूश, काकू खट्टू: चारचौघींसारखी झाले म्हणायच्या. कामाच्या बाईसमोर नळी राहायची, कारण ती पाहुणी नव्हती. पण बेल वाजली की काकू यंत्र बंद करून नळी उशीखाली सारायच्या आणि चहा टाकायच्या. माणूस बसेल तितका वेळ हसून बोलायच्या; नखं निळी पडत जायची. मी रागावलो, तर म्हणाल्या, "आलेल्या माणसाला काय नळी दाखवू, अरे?"

लोक प्रेमाने यायचे, हीच पंचाईत होती. शेवटी मी घरोघरी जाऊन सांगितलं, काकूंकडे जाऊ नका. कारणही सांगावं लागलं.

त्यानंतर आम्ही डबा बेल न वाजवता दाराच्या कडीला अडकवायचो. आत यंत्राची घरघर चालू असायची. कधी पावलांची चाहूल लागून काकू विचारायच्या, "कोण आहे रे?"

आम्ही उत्तर देत नसू. त्या वारेपर्यंत दिलं नाही.