चिठ्ठीवरचं माप

तरुणपणी मी स्वतःला स्पष्टवक्ती म्हणवत असे. "आजी, तू तो रूड थी यार," असं नात म्हणते.

नवऱ्याची चंडीगडला नवीनच बदली झाली होती. तिथल्या मनीमाजरा भागातल्या म्हाताऱ्या शिंप्याच्या, मास्टरजींच्या दुकानात एका होणाऱ्या नवरीला मी सगळ्यांसमोर सांगितलं, "इस रंग में मोटी दिखोगी." बिचारीने कापड खाली ठेवलं.

मग माझी पाळी आली. मास्टरजींनी माझ्या कमरेचं माप चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी पालथी करून माझ्या हातात दिली.

"बोलिए ना, मैं सच से नहीं डरती!"

"बहनजी, नाप सच्चा लेता हूँ. सुनाता उसी को हूँ, जिसका है."

मी चिठ्ठी वाचली. त्या मुलीची माफी मागून कापड तिच्या हातात परत दिलं. मग मास्टरजींच्या कानाशी लागले, "थोडा ढीला सिलना, जी."