‘राहू द्या’चं बटण

हंगामी वसतिगृहाचा ऑनलाइन फॉर्म मी परभणीत बसून बनवला होता. आईबाप ऊसतोडीला गेले तरी लेकरांनी इथंच राहून शिकावं म्हणून हे वसतिगृह. फॉर्मच्या तळाला दोन बटणं ठेवली: एक ‘पाठवा’ आणि भरणाऱ्याचं मन बदललंच तर ‘राहू द्या’.

दिवाळी सरली, टोळ्या निघाल्या आणि कोऱ्या नोंदी यायला लागल्या. लेकराचं नाव नाही, इयत्ता नाही. मागच्या वर्षीचं गाव आणि नंबर तेवढे फोननं आपणहून भरलेले. दाबलेलं बटण दर वेळी एकच, ‘राहू द्या’. जे दाबल्यावर काहीच यायला नको, तेच भरदुपारी पुन्हा पुन्हा येत होतं.

कारण सापडलं तेव्हा कपाळावर हात मारला. फॉर्मच्या आत नुसता बटन टॅग टाकला आणि त्याचा प्रकार लिहिला नाही, तर ब्राउझर त्याला सबमिटच, म्हणजे ‘पाठवा’च, धरतो. मेला आगाऊपणा! पण दाबत कोण होतं? मी नंबर लावला. फोन उचलला गेला, पण कुणी बोलेना. नुसता श्वास आणि मागे होला पक्ष्यांचं घुमणं. खोटं कशाला सांगू, मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी नोंदीतल्या गावी, चुडाव्याला उतरून, विचारत विचारत घर गाठलं. गल्लीत दारोदार कुलपं. कुत्रंसुद्धा भुंकेना. एकच दार उघडं होतं आणि उंबऱ्यावर आठेक वर्षांची पोर फोन घेऊन बसली होती. वसतिगृहाच्या फॉर्मसाठी आले म्हटल्यावर ती बोलली: आईबाप कारखान्यावर गेलेले. ज्या चुलतीकडे तिला ठेवलं होतं, तिला परवा दवाखान्यात नेलेलं.

“काल फोनवर बोलली का नाहीस गं?”

“वळख नसलेल्याशी बोलायचं न्हाई, आय म्हनलीय.”

“आणि हे बटण का दाबतेस?”

“आय जाताना म्हनली, मास्तरला सांग, मला शाळंत राहू द्या. तितं तेच लिवलंय की.”

माझं ‘जाऊ द्या, नको’ तिनं ‘मला ठेवून घ्या’ असं वाचलं होतं, आणि तिचं वाचणं मुळीच चुकलं नव्हतं.

“आज तर सकाळपास्नं लय दाबायलेय,” ती म्हणाली. “म्हनून आलाव ना तुमी?”

मी हो म्हणाले. सकाळी घरून निघण्याआधीच मी ते बटण दुरुस्त केलं होतं. आता ते कितीही दाबलं तरी कुणाकडे काहीच पोचत नव्हतं.