ऐकणाऱ्या डब्याची चाचणी

२१ नोव्हेंबर २०२३, मंगळवार, सकाळी ११ वाजून ५२ मिनिटे. टोकरखाड्यातल्या आमच्या बंगल्यात, भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याने घरकाम करणाऱ्या मावशींना पासवर्ड विचारला. मावशींनी तो सांगितला. साडेबाराला त्या सोसायटीच्या चौकीत संशयित म्हणून बसल्या होत्या.

बंगला माझ्या काकांचा. मी खडोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते आणि नोकरीपुरती त्यांच्याकडे राहते. डबा बसवल्यापासून काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “आमचं घर बोलतं आणि ऐकतंसुद्धा.” यंत्रणा चालू असताना घरात कोणी हलले की भोंगा वाजतो; मग दूरच्या नियंत्रण कक्षातला माणूस त्या डब्यातून घरात बोलतो, पासवर्ड विचारतो आणि आत घरचे कोणी आहे की चोर, हे ठरवतो. काकांनी निवडलेला गुप्त शब्द म्हणजे बंगल्याचे नाव. ते फाटकावर संगमरवरात कोरलेले आहे. त्यांच्या सुरक्षाविषयक समजेबद्दल एवढे पुरे व्हावे. दुर्दैवाने ते पुरत नाही.

मंगळवारी मावशी उशिरा येतात, हे विसरून काकांनी त्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या मोबाइलवरून यंत्रणा चालू केली. मावशी आत लादी पुसत होत्या. भोंगा वाजला, डब्याने तीनदा विचारले आणि नोंद झाली: ‘घरात व्यक्ती. उत्तर नाही.’ तेवढ्या पुराव्यावर काकांनी त्यांचे काम बंद केले आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला, वर ‘सावधान’. संध्याकाळपर्यंत त्यांची उरलेली चारही घरे सुटली. विसरणाऱ्याचा फोटो अर्थातच कोणी टाकला नाही.

“कंपनीची नोंद खोटी आहे का?” काकांनी मला विचारले.

“खोटी नाही. अपुरी असेल.”

“तू आपले धागे मोज.”

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या खोलीवर गेले. त्या धुळ्याकडच्या; नवरा इथेच कारखान्यात.

“मी बोलली ना ताई,” त्या म्हणाल्या. “त्यानं विचारलं का लगेच बोलली. वरून हो साहेब, हो साहेब पण करत होती. समोरचा बोलतोय तर हूं की चू नाही करायचं? मी काय दगड आहे?”

काकांच्या सगळ्या बोलण्यात नव्हती एवढी माहिती या पाच वाक्यांत होती.

रविवारी मी नियंत्रण कक्षाला चाचणीसाठी विनंती केली, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केले आणि तिकडचा प्रश्न संपल्यापासून माझे उत्तर सुरू होईपर्यंतचा काळ मोजला. पहिल्या खेपेला मी स्वतःच ०.६ सेकंदांत बोलले आणि ऐकू गेले नाही. तेही वहीत लिहिले. पुढच्या अठरा प्रयत्नांनंतर चित्र स्पष्ट झाले. डबा एका वेळी एकच काम करतो: बोलतो, नाहीतर ऐकतो. तो बोलत असताना त्याचा माइक बंद असतो आणि वाक्य संपल्यावर तो उघडायला १.४ सेकंद घेतो. त्याआधीचे सगळे वाया. म्हणजे जो तत्परतेने उत्तर देतो तो चोर, आणि जो विचार करून, सावकाश बोलतो तो घरचा. असले यंत्र विकणारे भामटे असतीलही. ते कौतुकाने विकत घेणाऱ्यांसाठी मला शब्द सापडत नाही.

काकांनी माझ्या वहीतल्या आकड्यांकडे पाहिलेही नाही. त्यांनी तंत्रज्ञाला फोन लावला. तो गुजरातीत म्हणाला, “सिस्टम ओके छे, साहेब. प्रॉब्लेम बाईमां छे.” काकांना हे शास्त्रीय वाटले.

“शिकलेल्या माणसाला बोलायचं कसं ते कळतं,” ते म्हणाले.

“मग बोला. पाच प्रयत्न. एकदा जरी ऐकू गेलं, तर मी मावशींचं नाव काढणार नाही. नाहीतर ग्रुपवर तुम्ही चूक कबूल करायची.”

“कबूल!”

काकू शाळेच्या वह्या तपासत होत्या. “मी साक्षीदार,” त्यांनी मान वर न करता सांगितले.

ज्यांनी आयुष्यात कोणाचे वाक्य पूर्ण होऊ दिले नाही, ते काका डब्यासमोर उभे राहिले. मी नियंत्रण कक्षाला पुन्हा चाचणी घ्यायला सांगितले. पहिला प्रश्न अर्ध्यावर असतानाच “हो, हो, बोला” झाले आणि पाठोपाठ पासवर्ड. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ते ओरडले, जणू दोष आवाजाच्या पट्टीचा होता. चौथ्यांदा अधिक ओरडले.

“अहो, जरा थांबा ना!” काकू म्हणाल्या.

“तू मध्ये बोलू नकोस!” काका गरजले, नेमके पाचव्या प्रश्नाच्या मध्यावर, आणि प्रश्न संपतो न संपतो तोच त्यांनी पासवर्ड फेकला.

“उत्तर नहीं मिला,” डबा शांतपणे म्हणाला. “गार्ड भेज रहे हैं.”

काकूंनी काकांचाच मोबाइल त्यांच्यासमोर धरला. काकांनी ‘तांत्रिक कारणामुळे’ असे लिहायला घेतले.

“तांत्रिक नाही,” काकू म्हणाल्या. “चूक माझी, असं लिहा. आणि तो फोटो काढून टाका.”

त्यांनी लिहिले. फोटो काढून टाकला. त्या आठवड्यात चारही घरांनी मावशींना परत बोलावले आणि त्या गेल्या. आमच्याकडे मात्र आल्या नाहीत. “भिंतीला जबाब द्यायला मी नाही येणार,” असा त्यांचा निरोप होता. लादी आता काका पुसतात, वाईट पुसतात. डबा जागच्या जागी आहे.

माझ्या वहीतली शेवटची नोंद: काका, पाचवा प्रयत्न, ०.३ सेकंद.