गाडी लागणारी सून

अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या घरात गाडी आली तेव्हा तिचं कौतुक करणाऱ्यांत मीही होते. सेडान, तीही स्पोर्टी, असं नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. त्याच्या फॅक्टरीतले ऑफिसर लोक स्कूटर विकून जुनी का होईना, चारचाकी घेत होते. आमची उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून घेतलेली. त्याने हौसेने स्प्रिंगांची वेटोळी कापून गाडी खाली बसवून घेतली होती. विकताना मला म्हणाला, "भाभीजी, ये गाडी रोड छोडती नहीं." ते खरंच होतं. रस्त्यातला एकही खड्डा ती सोडत नव्हती.

पहिल्याच रविवारी मला गाडी लागली. आम्ही माझ्या माहेरी निघालो होतो. बदलापूर गाव ओलांडून धरणाच्या रस्त्याला लागलं की आमचं शेतकऱ्याचं घर. मी बैलगाडीत वाढलेली, एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून कॉलेजला गेलेली. तोवर मला कधी मळमळलंसुद्धा नव्हतं. हे मी घरात सांगून पाहिलं, पण ओकणाऱ्या माणसाचा युक्तिवाद कोण ऐकतो? मागच्या सीटवर सासूबाई मांडीवर पिशवी, पिशवीवर हात असं बसलेल्या होत्या. रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "आमच्याकडे कुणाला गाडी लागत नाही."

मग उपाय सुरू झाले. लिंबू हुंगून झालं, आलेपाक चघळून झाला, सीटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर बसूनही झालं. तिसऱ्या वेळी नव्या सीट कव्हरचा निकाल लागला आणि नवऱ्याने तोडगा काढला. मी बदलापूरपर्यंत ट्रेनने जायचं, तिथून पुढे रिक्षाने. ते दोघं गाडीने येतील. त्यामुळे माझ्याच माहेरी माझं सासर माझ्याआधी पोचायला लागलं. मी घामेजून अंगणात शिरायचे तेव्हा नवरा चहा पिऊन वडिलांना गाडीचं बॉनेट उघडून दाखवत असायचा. वडिलांनी एकदाच विचारलं, "तुला गं का नाय बसवली गाडीत?" मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. आत जाऊन मोरीत तोंड धुतलं आणि रडले. मला माझ्या माहेरी गाडीतून, सरळ बसून, स्वच्छ साडीत उतरायचं होतं. एवढीच गोष्ट होती, पण ती मी सोडणार नव्हते.

गाडी आली त्याच सुमारास सासूबाईंनी रविवारचा उपास धरला होता. सूर्यदेवाचा, म्हणाल्या. मुलाला गाडी घेता आली म्हणून काही नवस बोलल्या असतील, असं आम्ही धरून चाललो. सकाळी पाण्याशिवाय काही घ्यायच्या नाहीत. संध्याकाळी घरी परतलं की मात्र ताट भरून जेवायच्या. माझ्या माहेरी त्यांच्यापुढे केलेलं सगळं तसंच राहायचं, आणि माझी आई त्यांच्या निष्ठेचं कौतुक करायची.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. जडत्वाचा नियम वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते, आता तो पोटात कळत होता. नवऱ्याकडे हट्ट करून मी पुन्हा गाडीत, पुढच्या सीटवर बसायला लागले. हातात प्लास्टिकची पिशवी असायची आणि डोळे रस्त्यावर. मळमळ नेमकी कुठे सुरू होते ते बघायचं ठरवलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

पहिली गोष्ट कळली ती घरासमोरच. बाजार करून आल्यावर मी डिकीत हात टेकून पिशव्या उचलायचे. हात काढला तरी गाडीचा मागचा भाग खालीवर होतच राहायचा, कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्याच्या मानेसारखा. स्प्रिंग दाबली की उसळणार, हे ठीक. पण ती उसळी जिरवायला चाकापाशी शॉकअप असतात, आणि आमचे कधीच मेले होते. म्हणजे स्प्रिंगा कापल्यामुळे कडक आणि त्यांना आवरणारं कुणी नाही. खड्डा एकदा यायचा आणि गाडी त्याची चारदा आठवण काढायची. मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, स्पोर्टी गाडी अशीच असते.

पुढे एकदा त्याच्या ऑफिसातला एक जण आपल्या गाडीतून आमच्या मागोमाग आला आणि सहज म्हणाला की वळणावर तुझ्या गाडीची मागची चाकं उड्या मारतात. दुसऱ्याच दिवशी गाडी कॅम्प दोनला गॅरेजमध्ये. बायकोच्या पोटाने महिनोन्‌महिने जे सांगितलं होतं ते सहकाऱ्याच्या एका वाक्याने पटलं. शॉकअप नवे आले, स्प्रिंगा अखंड आल्या, गाडी थोडी उंच झाली म्हणून नवरा दोन दिवस हिरमुसला.

फरक पडला. गाडीचं डुलणं थांबलं. मी लिंबाशिवाय बदलापूरच्या अलीकडच्या चिखलोलीपर्यंत गेले आणि मनातल्या मनात माहेरच्या अंगणात उतरलेसुद्धा. पण चिखलोलीच्या वळणावर पुन्हा तोंडाला पाणी सुटलं, ते वाईट पाणी. तेव्हा लक्षात आलं की अर्धा दोष गाडीचा होता. उरलेला अर्धा तिला चालवणाऱ्याचा.

नवरा वळणात जोरात शिरायचा. वळण वाटलं होतं त्यापेक्षा आवळत गेलं की दचकून आतच ब्रेक दाबायचा. गाडीचं नाक खाली जायचं, मागचा भाग हलका होऊन बाहेर सरकू बघायचा. मग तो स्टिअरिंग आणखी पिळायचा, आणि वळण संपायच्या आत पुन्हा ॲक्सिलरेटर. तेवढ्यात गाडी पुढे, बाजूला आणि मागे अशी तिन्हीकडे झुकून व्हायची आणि तिच्यामागे माझं पोट. मी म्हटलं, अहो, ब्रेक वळणाआधी संपवा, आत शिरताना पाय अलगद ॲक्सिलरेटरवर असू द्या, बघा. तो म्हणाला, मी लायसन्स काढलं तेव्हा तू परकर नेसून शेतात फिरत होतीस. हे खरं असल्यामुळे मला जास्त लागलं. शॉकअप कॅम्प दोनमध्ये बदलून मिळत होते, याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी ड्रायव्हिंग स्कूल लावलं. अडीनडीला उपयोगी पडेल म्हणून घरातून परवानगी मिळाली. लायसन्स आलं, पण अडीनडी काही येईना. मला गाडी मिळायची ती स्टेशनपर्यंत, तीही नवरा शेजारी बसून अदृश्य ब्रेक दाबत असताना.

अडीनडी आली ती फॅक्टरीच्या क्रीडादिनी. ऑफिसर विरुद्ध कामगार अशी रस्सीखेच होती. ऑफिसर हरले आणि नवऱ्याचा घोटा मोडला. पायाला प्लास्टर. त्याच रविवारी माझ्या भावाच्या मुलाचं बारसं. नवरा म्हणाला, रिक्षा करू. मी किल्ली घेतली आणि खाली जाऊन गाडी चालू केली. थोड्या वेळाने ते दोघं जिना उतरून आले. नवरा पुढे, प्लास्टरचा पाय लांब करून. सासूबाई मागे, मांडीवर पिशवी, पिशवीत बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा. रविवार असल्याने त्यांचा उपास होताच.

चिखलोलीचं वळण दिसल्याबरोबर नवऱ्याचा चांगला पाय गाडीच्या तळावर रुतला. मी सरळ रस्त्यातच वेग उतरवला, ब्रेक सोडला, स्टिअरिंग एकदाच वळवलं आणि ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवून ठेवला. गाडी एका बाजूला कलली, तशीच कललेली राहिली आणि वळण संपलं तशी सावकाश सरळ झाली. पोटाला काही कळलंसुद्धा नाही. चालवणाऱ्याला तशीही गाडी कमीच लागते, हे मला माहीत होतं. त्यामुळे आपलं खरं ठरलं असं लगेच म्हणता येईना. बदलापूर गेलं, धरणाचा नागमोडी रस्ता लागला, तिथली दोनतीन वळणंही तशीच गेली.

तेवढ्यात मागून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. आरशात पाहिलं तर सासूबाई लाडू खात होत्या.

नवऱ्याने मान वळवली. "आई, आज उपास ना तुझा?"

"कसला उपास," सासूबाई म्हणाल्या. तोंडातला घास संपवला. "पोट रिकामं असलं की बाहेर काही येत नाही. गाडी घेतल्यापासून तेच करतेय. आज भूक लागली."

मला त्यांची मळमळ, तोंड मिटून गिळलेली, एकदम दिसली, पण आधी राग आला. इतके महिने मी ट्रेनने, नाहीतर हातात पिशवी धरून माहेरी जात होते, आणि या मागे बसून आमच्याकडे कुणाला गाडी लागत नाही म्हणत होत्या. मी आरशात बघून विचारलं, "आई, मग मला का नाही सांगितलंत?"

"किती हौसेने घेतली होती त्याने," त्या म्हणाल्या. "तुला होत होतं, तेच त्याला जड जात होतं. त्यात मी कुठे भर घालू?"

मला गाडी बाजूला घेऊन उतरावंसं वाटलं. पण समोर वळण आलं होतं, म्हणून आधी वेग उतरवला आणि ते नीट घेतलं. नवरा आपल्या प्लास्टरकडे बघत राहिला. माहेरच्या अंगणात मी गाडीतून उतरले तेव्हा साडी स्वच्छ होती. वडील ओट्यावरून उठून आले, मला ड्रायव्हरच्या बाजूने उतरताना पाहून बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मी अशा क्षणी रडेन असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. भूक मात्र कडकडून लागली होती. बाळंतिणीला लाडू जरा कमी पडले.

सासूबाईंवरचा राग पुरता गेला असं अजूनही म्हणवत नाही. त्या मात्र पुन्हा त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत, आणि सूर्यदेवाचा उपास सोडला असंही त्यांनी जाहीर केलं नाही. नवऱ्याचं प्लास्टर निघालं, पुन्हा रविवार यायला लागले. सकाळी मी पोहे भिजवायला घेतले की त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि बाहेर दाढी करणाऱ्या मुलाला ऐकू जाईल अशा बेताने विचारायच्या, आज गाडी कोण चालवणार? 'मी' म्हटलं, की आणखी एक मूठ भिजवायला सांगायच्या. 'हे चालवतील' म्हटलं, की त्यांचा उपास.