जुन्या मोटारीला जीपची चाकं

माझी मोटार काळी, विलायती, निजामाच्या राज्यात आलेली. परभणीच्या एका म्हाताऱ्या वकिलाच्या पत्र्याच्या शेडात पडली होती, आत कोंबड्या अंडी घालायच्या. मी तिला सोडवून आणली तवा लोक म्हणले, ह्याला याड लागलं. याड नव्हतं. ती नामांतराची वर्षं होती. आज बंद, उद्या रास्ता रोको, यष्टी कवा येईल ह्याचा नेम न्हाई. आपली सवारी आपल्या दारात असावी, एवढंच माझं म्हणणं. मी चार यत्ता शिकलेला माणूस, पण फाट्यावर तोंड वासून उभा राहणारा न्हाई.

मोटार बुटकी होती, हे मात्र खरं. आमच्या गावापासून डांबरी फाटा एक कोस, आन् तो सगळा कोस बैलगाडीची चाकोरी. दोन्ही अंगाला खोल चर, मधी मातीचा उंचवटा. मोटारीचं पोट त्याच्यावर घासत जायचं. माझे थोरले भाऊ ओट्यावरून बघायचे आन् म्हणायचे, "रांगायली रे तुझी मोटार. तिला एखादा पांगुळगाडा करून दे."

ते माझ्या जिव्हारी लागलं. मी ठरवलं, चाकं मोठी करायची. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत न्हाई. चाक जेवढं मोठं तेवढं बैलाला हलकं. माझ्या आज्यानं तेच केलं, बापानं तेच केलं. पण बैलगाडीचं चाक उघड्यावर फिरतं, चिखल लागला तर आपला आपण गळून पडतो. मोटारीचं चाक पत्र्याच्या घरात राहतं आन् पुढचं तर त्या घरात वळतं बी. एवढं साधं माझ्या ध्यानात आलं न्हाई.

सेलूत जीपची चार चाकं मिळाली. तिथंच जिनिंगच्या समोर एक मुसलमान मिस्त्री होता, माझ्याच वयाचा, बोलायला कमी. बोल्टाची भोकं बरोबर जुळली तवा मी खुश झालो. म्हणलं, देवानंच मापं घेतली. मिस्त्री हसला न्हाई. पुढचं चाक चढवून त्यानं टायर आन् मडगार्डच्या मधी हात घातला.

"तीन बोटं," तो म्हणला.

"लय झाली तीन बोटं."

"मालक, रिकामी गाडी झूट बोलती. वजन डालो, तब सच बोलती." त्यानं जिनिंगच्या दारात रचलेल्या सरकीच्या पोत्यांकडं हात केला. "एक पोतं म्हणजे एक माणूस धरा. पाच पोती मागून आणतो. आत टाकू, मग हँडल दोन्हीकडं पुरं फिरवून बघू. लागलं तर पत्र्याची कड कापून आत वळवतो, खालच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवतो. ब्रेकचा पाइप बी ताणतो का बघावं लागंल. बघायचं काम दहा मिनटाचं हाय."

गादीला मी नवं लाल रेक्झिन लावलेलं. त्याच्यावर सरकीची तेलकट पोती? आन् जे मडगार्ड मी राख लावून घासून घासून आरशासारखं केलं, त्याची कड कापायची?

"मोटार माणसं बसवायला आणलीय," मी म्हणलं, "पोती लादायला न्हाई."

"आपकी मर्जी." त्यानं फडक्याला हात पुसले. "दहा कोस गेल्यावर नट परत आवळा."

नट मी आवळले. सोपं होतं ते केलं.

उन्हाळाभर मी एकटाच मोटार फिरवली. पोट घासायचं बंद झालं. मोटार ताठ मानेनं चालायची, मी बी तसाच बसायचो. थोरले भाऊ गप झाले.

भादव्यात एका सकाळी माझ्या बायकोचा चुलत भाऊ सायकल खांद्यावर घेऊन दारात आला. दोन दिवस पाऊस पडून नुकता उघडला होता, चाकोरीतून सायकल ढकलता बी येत नव्हती. माझी सासू पहाटे गेली होती. त्यांच्या घरची रीत अशी, की लेकीनं आईच्या तोंडात तुळशीचं पाणी घातल्याशिवाय उचलायचं न्हाई. "पण ऊन माथ्यावर येईस्तोवरच थांबतेत," तो म्हणला. "लगेच चल, आक्का."

बायको रडली न्हाई. लुगड्याचा पदर खोचला आन् मला म्हणली, "अवं, मी फाट्यापस्तोर चालते, तिथून ह्याच्या सायकलवर मागं बसून जाते. डांबरीनं चार कोस तर हाय. तुमी या सावकाश."

"दारात मोटार उभी आन् माझी बायको सायकलच्या क्यारेजवर? गाव काय म्हणंल?"

"गावाचं काय घेऊन बसला..."

"बस म्हणलं ना."

ती बसली. मी, ती, थोरले भाऊ, वहिनी आन् तो चुलत भाऊ, अशी पाच माणसं. सायकल टपावर बांधली.

नाल्यापस्तोर वाट सरळ, तिथवर बरं गेलो. नाल्यापाशी डावीकडं वळण. मी हँडल वळवलं तसा करकर आवाज आला, जळल्या रबराचा वास आला आन् मोटार जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली. उतरून बघतो तर टायर मडगार्डला टेकलेलं. तीन बोटांच्या जागेत एक बोट जाईना. पाच माणसांनी मोटार खाली दबलेली, वरून ती काळी माती टायरला चिकटून आत ठासून बसलेली.

सगळ्यांना उतरवलं. चाक खोलायच्या लोखंडी टामीनं चिखल उकरला. मोटार वीस पावलं गेली, परत जाम. माणसं उतरली म्हणून चिखल थोडाच उतरतो? परत उकरलं, परत वीस पावलं.

"आता ढकलावं का डोक्यावर घ्यावं?" भाऊ म्हणले.

"गप बसा वं," वहिनी त्यांच्यावर खेकसल्या. "तिच्या तोंडाकडं बघा."

मी बघितलं न्हाई. मी उकरायलतो.

तेवढ्यात लांब फाट्यावर लाल यष्टी दिसली. थांबली, दोन माणसं चढली, गेली. एवढ्या लांबून मला तिचा आवाज बी आला. पुढची यष्टी ऊन कलल्यावर.

बायकोनं सूर्याकडं बघितलं. चुलत भावाला म्हणली, "सायकल काढ." मग माझ्याजवळ आली. मला वाटलं आता बोलंल. ती एवढंच म्हणली, "जाते मी."

"हो पुढं. मी आलोच."

आलोच म्हणलो मी. ती दोघं चिखलातून गेली, सायकल त्याच्या खांद्यावर, तिच्या हातात दोघांच्या चपला. मी त्यांच्या मागं जायला पायजे होतं. मी मोटार सोडली न्हाई. वाटायचं, आता निघंल, फाट्यावर त्यांना गाठू, सगळ्यांच्या देखत माहेरच्या दारात उतरवू. टामी वाकली तरी मी उकरत होतो. भाऊ आन् वहिनी कवा चालायला लागले मला कळलं न्हाई. मोटार नाल्यापासून शंभर पावलं बी गेली नसंल. शेवटी मी टामी तशीच हातात घेऊन चालत निघालो.

मी पोचलो तवा माणसं नदीवरून परतायलती, डोकी ओली. माझा मेहुणा मला बघून थांबला.

"दाजी, तुमच्याकडं मोटार हाय म्हणून आमी निवांत होतो. वाटलं, आता येतील, मग येतील. माथ्यावरचं ऊन कललं तरी थांबलो. शेवटी जाणती माणसं म्हणली, उचला." त्यानं खाली बघितलं. "आक्का वेशीत आली तवा नदीकडून धूर दिसायलता."

बायको भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासाठी भरून ठेवलेला तांब्या तसाच होता, वर तुळशीचं पान. तो तिनं मांडीवर धरला होता. मी समोर उभा राहिलो. हातातली टामी कुठं ठेवावी तेच मला कळंना.

चिखल वाळल्यावर मोटार निघाली. सुतक फिटल्यावर मी एकटा सेलूला गेलो. मोटार मिस्त्रीच्या दारात लावली. समोरच्या जिनिंगातून सरकीची पोती मीच मागितली, मीच पाठीवर आणली आन् लाल रेक्झिनवर मीच टाकली. मागं तीन, पुढं दोन. हँडल डावीकडं फिरवलं. टायर मडगार्डला टेकलं. मिस्त्री बाजूला उभा होता. त्यानं मला पाणी आणून दिलं.

जुनी चाकं परत बसवून घरी आलो. बायको म्हणली, "काय निघालं?"

"चाकंच बरोबर नव्हती," मी म्हणलं.

"बरं," ती म्हणली आन् भाकरी थापायला बसली.

सरकीच्या पोत्यांचं मी तिला आजपस्तोर सांगितलं न्हाई. ती हाय, पलीकडच्या खोलीत बसलीय. तिला वाचता येत न्हाई, म्हणून तर मला हे लिहिता आलं. कुणी तिला वाचून दाखवलं, तर दाखवलं.